स्क्रीनभर चांद मिनार

छत्रपती संभाजीनगरात लॉजवाल्याची किंवा टूरवाल्याची वेबसाइट करायला घेतली की पहिली मागणी ठरलेली: पान उघडताच स्क्रीनभर दौलताबादचा किल्ला दिसला पाहिजे. आज हे एका ओळीचं काम आहे. ती ओळ यायला मात्र पंधराएक वर्षं गेली.

1995 साली नेटस्केप या त्या वेळच्या ब्राउझरमध्ये पानामागे चित्र लावता येऊ लागलं, तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं आणि त्याचे मोडेम 28.8 केबीपीएसचे, म्हणजे फार हळू होते. शंभर केबीचा फोटो उतरायला अर्धा मिनिट जायचा. म्हणून चित्र इवलंसं घ्यायचं आणि ब्राउझर ते आडवं-उभं भरत न्यायचा, हिमरू शालीवर एकच बुट्टी भरत जावी तसं. डिसेंबर 1996 मध्ये सीएसएसची, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भाषेची, पहिली आवृत्ती आली. चित्राची पुनरावृत्ती थांबवणं, स्क्रोल करताना ते जागेवर खिळवणं, हव्या त्या कोपऱ्यात बसवणं हे सगळं तिच्यात होतं. आकार बदलायची सोय तेवढी नव्हती.

त्यापायी आमचे फार हाल झाले. 1024 पिक्सेल रुंदीचा किल्ल्याचा फोटो लावला आणि गिऱ्हाइकाच्या मोठ्या मॉनिटरवर पाहिला, तर उजव्या कडेला किल्ल्यातला चांद मिनार दुसऱ्यांदा उगवलेला! रिपीट बंद केलं की तिथे कोरी पट्टी. मग फोटो पार्श्वभूमीऐवजी साधं चित्र म्हणून (इमेज टॅगने) टाकून, मजकुरामागे सरकवून रुंदी-उंची शंभर टक्के करायची. साठेक मीटर उंचीचा तो डौलदार मिनार बुटका, जाडजूड दिसायचा. प्रमाण सांभाळायला जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे प्लगिन (तयार जोडकोड) जोडावे लागत.

हे मिटवलं सीएसएस3 मधल्या बॅकग्राउंड-साइझ या चित्राचा आकार ठरवणाऱ्या ओळीने. 2011 मध्ये फायरफॉक्स 4 आणि इंटरनेट एक्सप्लोरर 9 आले आणि ती बिनधास्त वापरता येऊ लागली. तिच्यात 'कव्हर' लिहिलं की चित्र प्रमाण न मोडता सगळी जागा भरतं आणि जास्तीचा भाग कापतं.

पुढे मोबाइलने उंचीचा घोळ घातला: 100 व्हीएच, म्हणजे स्क्रीनची पूर्ण उंची, दिलं की खालचं बुकिंगचं बटण ब्राउझरच्या पट्टीमागे जायचं. त्यावर 2022 पासून डीव्हीएच हे ब्राउझरची पट्टी धरून-सोडून बदलणारं उंचीचं एकक मिळू लागलं.

कापाकापीचा प्रश्न मात्र उरतोच. चित्रात महत्त्वाचं काय, हे 'कव्हर'ला कळत नाही. मिनार फोटोच्या डावीकडे असेल तर उभ्या मोबाइलवर नुसती मधली तटबंदी उरते. तिथे चित्राची जागा ठरवणारं 1996 चंच बॅकग्राउंड-पोझिशन लागतं. माझ्या मते खरं कसब याच जुन्या ओळीत आहे, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. आडवी जागा 'सेंटर'ऐवजी 20 टक्के केली की मिनार परत चौकटीत येतो.