उंच डोंगरातील ऊलाँग चहा (गाओशान चा)

तैवानमध्ये समुद्रसपाटीपासून १,००० मीटरपेक्षा उंचावरील मळ्यांत पिकणाऱ्या ऊलाँग (हिरवा आणि काळा यांच्या मधल्या) चहाला ‘गाओशान चा’, म्हणजे उंच डोंगराचा चहा, असे म्हणतात. हे चहाच्या एखाद्या वाणाचे नाव नाही. ते मळ्याच्या उंचीवरून पडले आहे. हलके ऑक्सिडीकरण (खुडलेल्या पानावर हवेची क्रिया होऊ देणे) करून पान गोळीसारखे वळण्याची रीतही त्याच्याशी जोडलेली आहे.

चायी जिल्ह्यातील अलिशान, नान्तौमधील शानलिन्शी आणि ताइचुंगच्या हद्दीतील लीशान हे याचे नावाजलेले पट्टे. लीशानचे पुष्कळ मळे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मी.) उंच आहेत, तर दायूलिंग खिंडीच्या परिसरातले २,५०० मीटरच्या आसपास. तिथल्या मळ्यांना रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून ओळखतात. त्यांपैकी सरकारी जमिनीवरची काही लागवड २०१५ मध्ये उपटण्यात आली, कारण अशा उतारांवर दरडी आणि मातीची धूप हा कायमचा धोका असतो. लीशानची वस्ती वाढली ती १९६० मध्ये खुल्या झालेल्या बेट आडवे ओलांडणाऱ्या मध्य महामार्गामुळे. निवृत्त सैनिकांनी तिथे आधी सफरचंद, पेअर आणि कोबी लावला. चहा नंतर आला.

कर्कवृत्त चायीजवळून जाते. तेव्हा अक्षांश उष्ण आणि हवा मात्र उंचीमुळे थंड, असा हा प्रदेश आहे. दुपारी धुके चढते, ऊन गाळून पडते आणि पान सावकाश वाढते. त्यात तुरटपणा आणणारी कॅटेचिने कमी राहतात, चवीला गोडसर भरीवपणा देणारे थिॲनीन तुलनेने जास्त. पान जाड होते आणि चहा जिभेला दाट लागतो. वाढ मंद म्हणून उत्पन्नही थोडे: लीशानला वर्षात दोन-तीनच खुडण्या होतात. वसंतातला आणि हिवाळ्यातला माल सर्वांत चांगला मानतात.

मुख्य वाण छिंगशिन. तो नाजूक, रोगाला लवकर बळी पडणारा, पण सुगंधात त्याला तोड नाही. १९८१ मध्ये प्रसृत झालेला जिनश्वान (तैवान क्र. १२) लावायला सोपा. त्याला मुळातच दुधासारखा मंद वास असतो. बाजारातल्या ‘मिल्क ऊलाँग’चा भपकारा बहुधा वरून लावलेल्या अर्काचा असतो.

खुडणाऱ्या बायका तर्जनीला छोटे पाते बांधतात आणि कळीसह तीन-चार पाने देठासकट कापतात. पाने उन्हात, मग सावलीत कोमेजू देतात आणि रात्रभर अधूनमधून हलवतात. कडा खरचटून ऑक्सिडीकरण सुरू होते आणि हिरवा वास फुलांच्या वासाकडे वळतो. तो क्षण कारागीर नाकाने ओळखतो. चुकला तर पान कितीही उंचावरचे असो, चहा कच्चा, गवताळच उतरतो. मग तापवून ही क्रिया थांबवतात आणि पाने कापडात आवळून, गुंडाळून, सोडून, पुन्हा आवळून गोळ्या वळतात. हल्ली या कामाला दाबयंत्रही वापरतात. त्यातून निघणारी चौकोनी लादी टोफूसारखी दिसते, म्हणून कारागीर त्याला ‘टोफू यंत्र’ म्हणतात.

चहा करताना १२० मिलि.च्या झाकणाच्या कपाला (गायवान) ६–७ ग्रॅम पत्ती पुरते. कोरड्या गोळ्या जेमतेम तळ झाकतात, पण उमलल्यावर भांडे भरून जाते. नवखे लोक ग्रीन टीच्या सवयीने पाणी निववून घेतात. इथे ती चूक ठरते, कारण गोळ्या उलगडायला नुकते उकळलेले पाणीच लागते. मात्र पत्ती त्यात उकळायची नसते, आणि दूध-साखरेचे तर नावच नको. भांडे आधी गरम करून पहिले पाणी ४५–६० सेकंद ठेवतात. पाने सुटलेली असल्याने दुसरे त्याहून थोडा कमी वेळ, पुढे दर खेपेस १०–१५ सेकंद वाढवत जातात. पाच-सहा वेळा चहा निघतो. दुसरी-तिसरी खेप बहुधा सर्वांत चांगली.

तैवानमध्ये यासाठी उंच, अरुंद सुगंध-पेला वापरतात: चहा आधी त्यात, मग पिण्याच्या पेल्यात ओतायचा आणि रिकामा पेला हुंगायचा. रंग हिरवट पिवळा, वास ऑर्किड किंवा जाईच्या जवळचा. घोट गिळल्यावर घशात जी गोडी परतते तिला ‘हुईगान’ म्हणतात. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर येणारा अनुभव आठवला, की ती लगेच कळते.

पारखणारे मात्र इतके लाड करत नाहीत. ३ ग्रॅम पत्ती, १५० मिलि. उकळते पाणी, सहा मिनिटे. एवढ्या वेळात चांगल्या करणीचा चहाही थोडा तुरट होतो, पण कडवट होत नाही. किंमत उंचीबरोबर चढत असल्याने खालच्या मळ्यांतली किंवा व्हिएतनामहून आलेली पत्ती ‘लीशान’ म्हणून खपवली जाते. म्हणून जाणकार शेवटी भिजलेली पाने बशीत उलगडून त्यांची जाडी, देठ आणि कडांवरची लालसर छटा पाहतात.