साडेतीन इंच बोअर, चार इंच स्ट्रोक: आपल्या पिकअपमधल्या डिझेल इंजिनांची पार्श्वभूमी

पिकअपचं कोणतं डिझेल इंजिन जास्त टिकाऊ आणि नव्या इंजिनांत जुना दम उरला आहे का, हा वाद पिकअपवाल्यांत कायम रंगतो. बोलेरो पिकअपच्या कागदपत्रांत इंजिनाची क्षमता २५२३ सीसी लिहिलेली असते. आकडा जरा अवघडलेला वाटतो. महिंद्राच्या या घराण्यातल्या एमडीआय इंजिनाची मापं ८८.९ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि १०१.६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) अशी आहेत. तीच इंचात मोजली की कोडं सुटतं: साडेतीन इंच आणि चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटिश बी-४१४ ट्रॅक्टरच्या इंजिनाची मापंही हीच होती.

हे नातं १९६३ सालचं. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली आणि कांदिवलीत बी-२७५ बनू लागला. त्याचं इंजिन याच घराण्यातलं, थोडं लहान: स्ट्रोक तोच चार इंच, बोअर मात्र तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे २३५० सीसी. १९७० च्या दशकात पेट्रोल महागलं आणि जीपला डिझेल इंजिन हवं झालं, तेव्हा हेच ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये उतरलं. पुढे त्याचं बोअर वाढलं, थेट इंजेक्शन (डिझेल सरळ सिलिंडरमध्ये फवारणं) आलं, कमांडर आणि मार्शलमध्ये ते ‘डीआय’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. टर्बो (जादा हवा कोंबणारा पंखा) आणि कॉमन रेल (संगणकाने चालणारी जास्त दाबाची इंधन व्यवस्था) त्यानंतरचे. कोणतं इंजिन टिकाऊ, या वादात उतरण्याआधी ही वंशावळ माहीत असावी, कारण इंजिनाच्या खोडी बऱ्याचदा तिच्यातूनच येतात.

ट्रॅक्टरचं इंजिन दिवसभर जवळपास एकाच आरपीएमवर, भाराखाली चालण्यासाठी बनवलेलं असतं. म्हणून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) जाड, टायमिंगला, म्हणजे क्रँक आणि कॅमशाफ्टची वेळ जुळवायला, पट्टा किंवा साखळी नाही तर गिअर, व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि तिथून व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड, म्हणजे लांब दांड्या. खालच्या आरपीएमला ताकद मिळते. दीड टन टोमॅटो भरून पहिल्या गिअरमध्ये शेतातून बाहेर पडायला तीच लागते. याची दुसरी बाजू म्हणजे आवाज, थरथर आणि वरच्या आरपीएमला आवळल्यासारखं वाटणं. रिकाम्या गाडीने महामार्गावर सतत ताशी ९० च्या पुढे पळवणं या इंजिनाच्या स्वभावात नाही. लांब स्ट्रोकमुळे पिस्टनचा वेग वाढतो आणि रिंगा लवकर झिजतात.

महिंद्राकडे दुसरं घराणं फ्रान्समधून आलं. प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन इगतपुरीला परवान्याखाली बनू लागलं. ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक, २११२ सीसी. पुढे त्याचंच मोठं भावंड एक्सडी३पी आलं: ९४ बाय ९०, २४९८ सीसी. २००० साली बोलेरो बाजारात आली ती याच इंजिनावर. ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा ते मऊ आणि शांत. त्याचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. तापमान वाढलं की दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. रेडिएटरची नळी फुटली आणि ड्रायव्हरने ‘पुढच्या धाब्यापर्यंत जाऊ’ म्हटलं, की हेड वाकलंच. वाकलेलं हेड नुसतं गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) बदलून चालत नाही. सपाट पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघावं लागतं आणि गरज असेल तर प्लेन करून घ्यावं लागतं. ते न करता बसवलेलं गॅस्केट काही महिन्यांत पुन्हा जातं आणि दोष गॅस्केटच्या माथी मारला जातो.

टाटांची गोष्ट पुण्यातली. त्यांच्या इंजिनांची नावंच सगळं सांगतात. ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिमी बोअर. ९० मिमी स्ट्रोक धरला की १९४८ सीसी. हे इंजिन १९८८ च्या टाटामोबाइल पिकअपमध्ये होतं, मग सिएरा आणि सुमोमध्ये आलं. त्यात इंधन आधी एका छोट्या उपकक्षात पेटायचं आणि तिथून मुख्य सिलिंडरमध्ये फेकलं जायचं. अशा इनडायरेक्ट इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो २१ ते २३ असतो. उपकक्षाच्या भिंतींना बरीच उष्णता जाते, म्हणून थंडीत हीटर प्लग तापल्याशिवाय ते सुरू होत नाही आणि डिझेलही थोडं जास्त लागतं. पुण्याच्याच बजाज टेम्पोने परवान्यावर घेतलेलं मर्सिडीजचं ओएम-६१६ याच जातीचं.

टाटांची २०७ डीआय पिकअप आली तेव्हा तिच्यात त्यांच्याच ४०७ टेम्पोचं इंजिन होतं: ४९७, म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिमी बोअर आणि १०० मिमी स्ट्रोक, २९५६ सीसी. बोअर आणि स्ट्रोक जवळजवळ सारखे, थेट इंजेक्शन, गिअरवर चालणारं टायमिंग. ४०७ ही १९८६ पासून रस्त्यावर असल्याने तिच्या इंजिनाची कामं राज्यातला कुठलाही फिटर डोळे मिटून करायचा, आणि बोअर-पिस्टनचा संच तालुक्याच्या दुकानात मिळायचा. टिकाऊपणाची अर्धी कीर्ती अशा उपलब्धतेतून येते. माझ्या मते जुन्या पिकअपमध्ये ओझ्याला आणि घाटाला हे इंजिन सगळ्यात सरस होतं. त्या बदल्यात गाडीचं नाक जड होतं आणि पुढचं सस्पेन्शन लवकर बसतं.

२००५ चा टाटा एस हा खरं तर मिनी ट्रक, पण नावाचा तोच हिशोब तिथेही लागतो: २७५, दोन सिलिंडर, ७५ मिमी बोअर, ७०२ सीसी. इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनाचा नेमका अर्धा भाग. इंडिकाकडून टायमिंग बेल्टही आला, आणि ४०७ वर हात बसलेल्या मालकांना बेल्ट मुदतीत बदलायचा असतो हेच नवीन होतं. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो. गिअरवाल्या इंजिनाला ही भीती नाही.

या सगळ्या जुन्या इंजिनांचं हृदय म्हणजे डिझेल दाबाने सिलिंडरकडे पाठवणारा पंप. मायको, म्हणजे आजची बॉश, नाशिकच्या कारखान्यात डिझेल फवारणारे नोझल आणि इंजेक्टर बनवत आली आहे, आणि गावोगावच्या ‘पंप कॅलिब्रेशन’च्या पाट्या याच परंपरेतल्या. पंप दोन प्रकारचे. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर (दाब देणारा दट्ट्या), आणि त्याच्या कॅमला इंजिन ऑइलचं वंगण. रोटरी पंप आटोपशीर, पण त्याच्या आतल्या सगळ्या भागांना वंगण डिझेलचंच. रॉकेल मिसळलेलं किंवा पाणी आलेलं डिझेल इनलाइन पंप बरेच दिवस पचवतो, रोटरी पंप पचवत नाही. दोन इंजिनांची तुलना करताना लोक हा फरक विसरतात आणि पंपाचं अपयश इंजिनाच्या नावावर टाकतात.

जुन्या इंजिनाची देखभाल हातांची होती. थेट इंजेक्शनचं नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडतं, उपकक्षवालं १२० च्या आसपास. टेस्टरवर लावून फवारा बघायचा. थेंब गळत असेल तर तेच काळ्या धुराचं आणि ‘टक्-टक्’ आवाजाचं कारण. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बसवायची रीत १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनाला अशी: क्रँक फिरवत एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले की चार नंबरचे टॅपेट बसवायचे, तीनचे हलले की दोनचे, चारचे हलले की एकचे, दोनचे हलले की तीनचे. गॅप त्या इंजिनाच्या पुस्तकातला, इंजिन थंड की गरम तेही पुस्तकातलंच. इंजिनाने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत हवा शिरली, तर आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंपाने बुडबुडे जाईपर्यंत डिझेल काढायचं, मग पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलचे नट ढिले करून स्टार्टर मारायचा आणि एकेक आवळत जायचं.

यातलं शेवटचं पाऊल आजच्या इंजिनावर कधीही करू नये. कारण समजायला धूर-नियमांचा इतिहास पाहावा लागतो.

भारत स्टेज (बीएस) या धूर-नियमांच्या टप्प्यांपैकी बीएस-३ देशभर २०१० मध्ये, बीएस-४ एप्रिल २०१७ मध्ये आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० ला लागू झालं. त्यासोबत डिझेलमधलं गंधक ३५० पीपीएमवरून ५० आणि मग १० वर आलं. एवढा स्वच्छ धूर यांत्रिक पंपाला जमत नाही. कॉमन रेलमध्ये पंप एका जाड नळीत हजार-सोळाशे बारपर्यंत दाब भरून ठेवतो आणि संगणक ठरवेल त्या क्षणी इंजेक्टर उघडतो. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते, म्हणून नट ढिला करून स्टार्टर मारणं म्हणजे हात गमावण्याचा धोका. इंजेक्टरमधल्या भागांतली फट दोन-तीन मायक्रॉनची. जुन्या नोझलला नुसता त्रास देणारा धुळीचा कण इथे इंजेक्टर निकामी करतो.

त्यामुळे बिघाडाची जागाच बदलली. जुनं इंजिन झिजून मरायचं: रिंगा, बेअरिंग, नोझल, सगळं हळूहळू, धुराने आणि आवाजाने कळवत. नवं इंजिन घाणीने मरतं: डिझेलमधलं पाणी, ईजीआरमधली (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) काजळी, भरलेला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). क्रँक, ब्लॉक, पिस्टन अजूनही तसेच दमदार आहेत. २५२३ सीसी तर आकड्यानेही तेच आहे. ‘नवीन इंजिनात दम नाही’ हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दम तोच आहे, बेफिकिरी सोसण्याची ताकद गेली आहे.

म्हणून नव्या पिकअपवर पहिलं लक्ष फिल्टरकडे. वॉटर सेपरेटरच्या तळाचा स्क्रू उघडून अर्धा कप डिझेल पारदर्शक बाटलीत काढायचं आणि पाच मिनिटं ठेवायचं. पाणी तळाला बसतं, रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करावं, कॅनमधून डिझेल भरत असाल तर जास्तच. फिल्टर बदलताना नव्या फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतू नये; ते गाळलेलं नसतं आणि मधल्या भोकातून सरळ रेलकडे जातं. कोरा बसवून हातपंपाने भरावा.

इंजेक्टर काढला तर त्याखालचा तांब्याचा वॉशर नवाच टाकावा आणि बसण्याची जागा खरवडून साफ करावी. जुना वॉशर पुन्हा वापरला की ज्वलनाचा वायू बाजूने निसटतो, ‘चक्-चक्’ आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. मग तो इंजेक्टर उपसून काढताना हेडच जायची वेळ येते. बहुतेक कॉमन रेल गाड्यांत नव्या इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरावा लागतो. तो भरला नाही तर गाडी चालते, पण आयडल (जागेवर मंद चालणं) थरथरतं आणि दोष उगाच माउंटिंगला (इंजिनाच्या रबरी टेकूंना) दिला जातो.

डीपीएफचा त्रास गाडीच्या कामावर ठरतो. साठलेली काजळी जाळायला फिल्टरमध्ये सुमारे ६०० अंश तापमान लागतं, आणि त्यासाठी इंजिन उशिरा जादा डिझेल सोडतं. नाशिकहून भाजी घेऊन रात्री कसारा घाट उतरून मुंबईला जाणाऱ्या गाडीला हे आपोआप जमतं. गावातल्या गावात दूध गोळा करत दर दोनशे मीटरला बंद होणाऱ्या गाडीला जमत नाही. जाळणी अर्धवट राहते, जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ‘चला, ऑइल खात नाही’ म्हणून खूश होऊ नका. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाही. ते ताबडतोब बदला, आणि आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं वरच्या आरपीएमला चालवा. ऑइलही कमी राखेचं, पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते. स्वस्तातलं जुन्या ग्रेडचं ऑइल टाकून वाचवलेले पाचशे रुपये इथे हजारोंनी परत द्यावे लागतात.

टर्बोची काळजी तर साधी आहे. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नये. एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवावं. इंजिन बंद झालं की टर्बोला जाणारं ऑइल थांबतं, तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेलं ऑइल जळून कोळसा होतं.

जुनी पिकअप घ्यायची असेल तर घराण्याप्रमाणे तपासणी वेगळी. ४९७ किंवा एमडीआयला इंजिन गरम असताना ऑइलचं झाकण उघडून नुसतं उलटं ठेवा: ते उडत असेल, खालून ठोक्याठोक्याने धूर येत असेल तर रिंगा गेल्या. ॲल्युमिनियम हेडच्या प्यूजो इंजिनाला थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा आणि रेस द्या. सतत बुडबुडे आले किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर हेडचा खर्च धरूनच भाव करा. कॉमन रेलच्या गाडीला चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवा. तीन बाटल्या सारख्या आणि चौथी दुप्पट भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे. अशी गाडी थंड असताना लगेच सुरू होते आणि गरम झाल्यावर रडते, कारण गरम डिझेल पातळ होऊन जास्त गळतं आणि स्टार्टरच्या वेगावर रेलमध्ये पुरेसा दाब उभा राहत नाही. विकणारा मात्र बॅटरी बदला म्हणून सांगेल.