डायनॅमो ते अल्टरनेटर : घोडं अडलं होतं डायोडपाशी

इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा डायनॅमोच गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहिला, तो त्याच कामाचा अल्टरनेटर कुणाला माहीत नव्हता म्हणून नव्हे. बॅटरीला डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) लागतं आणि अल्टरनेटर एसी (दिशा बदलत राहणारी वीज) देतो, एवढीच अडचण होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बसगाड्यांना, पोलिसांच्या गाड्यांना अल्टरनेटर बसवले जात होते. पण सोबत एसीचं डीसी करणारा, सेलेनियमच्या पट्ट्यांचा अवजड रेक्टिफायर बाहेर, हवा लागेल अशा जागी टांगावा लागे. घरच्या गाडीला ते परवडणारं नव्हतं. हेच काम करणारे, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे स्वस्त सिलिकॉन डायोड आले आणि १९६० मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर सरसकट दिला.

डायनॅमोत फिल्ड (चुंबकत्व देणारं वायंडिंग) स्थिर, जाड वायंडिंगचं आर्मेचर (वीज तयार होते तो भाग) फिरतं. सगळा करंट कम्युटेटर (आर्मेचरवरची तांब्याच्या पट्ट्यांची कडी, तीच एसीचं डीसी करते) आणि तिला घासणाऱ्या कार्बनमधून बाहेर येतो. लुकास कंपनीचा सी-४० डायनॅमो जेमतेम २२ अँपिअर देई, तोही इंजिन चांगलं फिरत असताना. वेग फार वाढवला तर कम्युटेटरवर ठिणग्या उडतात, वायंडिंग सुटतं; त्यामुळे पुली लहान करून, वेग वाढवून आयडलिंगला (इंजिन जागेवर मंद चालू असताना) चार्जिंग मिळवायची सोय नव्हती. रात्रीच्या रहदारीत हेडलाइट आणि वायपर चालू ठेवले की बॅटरी उतरलीच.

अल्टरनेटरने हे उलटं केलं. जाड वायंडिंग स्थिर भागावर, म्हणजे स्टेटरवर; फिल्ड फिरत्या भागावर, म्हणजे रोटरवर. रोटरला करंट पोचवणाऱ्या स्लिप रिंगमधून (गुळगुळीत कड्यांमधून) जातो फक्त ३ ते ५ अँपिअर, म्हणून कार्बन खूप टिकतात. रोटरही दणकट: शाफ्टवर एकच कॉइल, दोन्ही बाजूंनी ६-६ नखांच्या लोखंडी चकत्या एकमेकींत अडकवलेल्या. एका कॉइलमध्ये १२ पोल (चुंबकीय ध्रुव)! शेजारच्या नखांत चुंबकीय गळती बरीच होते, कार्यक्षमता साधारण ५०-६० टक्क्यांवर अडते. पण इतकं स्वस्त दुसरं काही नव्हतं. रोटर इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरवता येतो, म्हणून आयडलिंगलाही चार्जिंग होतं.

डायनॅमोच्या चार्जिंगवर ताबा ठेवणाऱ्या रेग्युलेटरचे तीन भाग होते, त्यातले दोन गेले. डायोड उलटा करंट जाऊ देत नाहीत, म्हणून बॅटरीतला करंट मागे वळू न देणारा कटआऊट नको. स्टेटरचा इंडक्टन्सच (बदलत्या करंटला वायंडिंगचा होणारा विरोध) करंटला लगाम घालतो, म्हणून करंट रेग्युलेटर नको. उरलं फक्त व्होल्टेज सांभाळणं, साधारण १४ व्होल्ट.

नव्या रचनेने बिघाडही नवे आणले. फिल्डसाठी तीन छोटे डायोड असलेल्या रचनेत डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा बल्ब हा निव्वळ इशारा नसतो. रोटरमधलं उरलंसुरलं चुंबकत्व डायोडचा ड्रॉप (डायोडमध्येच खर्ची पडणारं व्होल्टेज) ओलांडायला पुरत नाही. सुरुवातीचा फिल्ड करंट त्या २-३ वॅटच्या बल्बमधूनच येतो. बल्ब उडाला की इंजिन चांगलं रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही, आणि लोक चांगला अल्टरनेटर खोलून बसतात.

दुसरी खोड जुन्या गॅरेजची: चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘चार्जिंग बघणं’. जुन्या गाड्यांत सेमीकंडक्टर नव्हतेच, त्यामुळे खपून जायचं. अल्टरनेटरवर मात्र रोटरचं फिल्ड क्षणात उतरत नाही. व्होल्टेज उसळून शंभरीच्या आसपास जाऊ शकतं आणि डायोड, रेग्युलेटर, कधी ईसीयूही (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जातो. मल्टिमीटर एसीवर ठेवून आउटपुट टर्मिनल तपासा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर संशय डायोडवर. शॉर्ट झालेला डायोड रातोरात बॅटरी उतरवतो.

२००० मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीने स्टेटरमध्ये गोल तारेऐवजी चौकोनी तांब्याचे तुकडे भरले. खाचेत तांबं जास्त मावतं, त्याच आकारात करंट वाढतो. मात्र त्या तुकड्यांची टोकं वेल्ड केलेली असतात; असा स्टेटर जळला की वायंडिंगवाला तो हातात घेत नाही.