टेबलाखालचे पाय

चार अनोळखी माणसं पत्ते खेळायला बसली आहेत, एक स्त्री आणि एक पुरुष अशा दोन जोड्या. एका जोडीला आधीच सांगून ठेवलंय, की टेबलाखाली पायाला पाय लावून ठेवा. काही गटांत ही गोष्ट समोरच्या जोडीला ठाऊक होती, काहींत नव्हती. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. खेळानंतर ज्यांनी पाय चोरून लावले होते, त्यांना एकमेकांची ओढ जास्त वाटत होती. ओळख तर नुकतीच झालेली!

विवाहित पुरुषाशी वर्षानुवर्षं लपवून नातं ठेवणाऱ्या स्त्रीची घालमेल समजून घ्यायला मला हा साधा डाव फार मोलाचा वाटतो. तिच्यासाठी भाषेत जे शब्द आहेत, 'ठेवलेली' वगैरे, ते तिची वस्तू करून टाकतात. तिलाही मन आहे, हे त्या शब्दांच्या गावीच नसतं.

गुपित तोंडून निसटू नये म्हणून त्यावर पहारा ठेवावा लागतो, आणि पहाऱ्यावरचं मन सारखं त्याच्याकडेच बघत राहतं. वेग्नर यांनीच १९८७ मध्ये लोकांना सांगितलं होतं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. दिवसभर तो पुरुषच मनात असतो, म्हणून तिला वाटतं, हेच खरं प्रेम. त्यातलं प्रेम किती आणि पहारा किती, हे तिला आतून कसं कळावं?

मायकेल स्लेपियन यांच्या २०१७ च्या संशोधनात दिसलं, की प्रत्यक्ष लपवाछपवीचे प्रसंग त्या मानाने कमी येतात. एकटं असताना मन गुपितात घुटमळणं जास्त वेळा घडतं, आणि मनःस्वास्थ्य ढासळण्याशी संबंध दिसतो तो याचा.

त्यात भर वाट पाहण्याची. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या गटाने २००३ मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगात, रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना वाट पाहण्याच्या काळात मेंदूतल्या डोपामिन पेशी (बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेलं रसायन सोडणाऱ्या) सर्वाधिक सक्रिय होत्या. माकडांवरून माणसाच्या प्रेमाचा थेट निष्कर्ष काढू नये. तरी फोन येईल की नाही, या टांगणीवर गेलेली संध्याकाळ आठवा.

अपराधीपणही असतंच. 'मी कुणाचं वाईट करत नाही' आणि 'एका बाईची फसवणूक होतेय, त्यात मी आहे' ही दोन वाक्यं एका मनात सुखाने नांदत नाहीत. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेली विसंगती ती हीच. मग तिसरं वाक्य पुढे येतं: 'त्यांचं लग्न नावापुरतंच आहे.'

मला सर्वांत जास्त पिळवटून टाकतं ते शेवटचं दुःख. समाज ज्या शोकाला मान्यता देत नाही, त्याला केनेथ डोका यांनी १९८९ च्या सुमारास नाव दिलं. मराठीत हक्क नाकारलेला शोक म्हणू. तो पुरुष रुग्णालयात असेल, तर 'तुम्ही कोण?' याला तिच्याकडे उत्तर नसतं. तो गेला, तर दुसऱ्या दिवशी तिला नेहमीच्या वेळी कामावर जावं लागतं, आणि डोळे का सुजलेत याचं काहीतरी कारण सांगावं लागतं.