डोक्यातलं दळण आणि खरी काळजी

‘आपल्या ९१ टक्के चिंता कधी खऱ्या होतच नाहीत, तेव्हा बिनधास्त जगा!’ उगवत्या सूर्याच्या चित्रासकट हा संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून उगवतोच. आकडा बनावट नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या लुकास लाफ्रेनिअर आणि मिशेल न्यूमन यांच्या २०२० सालच्या अभ्यासातला आहे. पण त्यात माणसं होती फक्त २९, आणि सगळ्यांना चिंताविकार होता. ज्यांची चिंता मुळातच अवाजवी, त्यांच्यावर मोजलेला आकडा सरसकट सगळ्यांना लावला, की छातीत कळ आलेला माणूसही ‘उरलेल्या नऊ टक्क्यांत मी कशाला असेन’ म्हणत घरी बसतो.

खरी काळजी कुठली आणि ओव्हरथिंकिंग कुठलं, हे विषयावरून ठरत नाही. पावसाळ्यात मुलाला ताप आला, तपासणीत डेंगी निघाला. आई रात्रभर जागी. ‘आमच्याच घरात असं का? उद्या काही झालं तर?’ हे तिच्या डोक्यात चालू असतं, आणि ‘उलट्या थांबल्या का, पोट दुखतंय का, हिरड्यांतून रक्त येतंय का’ हेही. दुसऱ्या प्रकारचा प्रत्येक प्रश्न तपासता येतो. उत्तर मिळालं की तो मिटतो, नाहीतर दवाखान्यात घेऊन जातो. पहिल्याला उत्तरच नाही. त्यात डेंगीची खोच अशी, की धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. म्हणजे घरातले सगळे ‘हुश्श’ करतात तेव्हा. आपण किती घाबरलोय यावरून धोका मोजायला गेलं की माणूस दोन्हीकडून फसतो.

मग उत्तर नसलेला प्रश्न मन सोडत का नाही? माझ्या आवडीचा भाग हा. पेन स्टेटमधल्याच टॉमस बोर्कोव्हेक यांना आढळलं, की चिंता मुख्यतः शब्दांत चालते, चित्रांत कमी. अपघाताचं दृश्य डोळ्यांपुढे आणलं तर काळीज धडधडतं; ‘अपघात झाला तर?’ हे वाक्य नुसतं घोळवलं तर तितकं नाही. १९९० साली बोर्कोव्हेक आणि हू यांनी भाषणाला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना आधी चिंता करायला लावली, काहींना निवांत विचार करायला, आणि मग सगळ्यांना भाषणाचा प्रसंग कल्पायला सांगितलं. निवांत असलेल्यांच्या हृदयाचे ठोके चांगलेच वाढले. चिंता करून आलेल्यांचे फारसे वाढलेच नाहीत.

म्हणजे ही आतली बडबड शरीराला धक्का बसू देत नाही. तेवढाच आराम. आणि ज्या कृतीने त्रास टळतो ती अंगवळणी पडते. मानसशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. दुसरीकडे, भीतीची स्मृती बदलायची तर ती आधी पुरती जागी व्हावी लागते, असं एडना फोआ आणि मायकेल कोझॅक यांनी १९८६मध्ये मांडलं. अर्धवट जागी झाली, तर ‘काहीच वाईट झालं नाही’ ही माहिती तिच्यात शिरत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी तेच दळण. २०११मध्ये न्यूमन आणि सँड्रा लेरा यांनी याला छेद दिला: चिंता भावना दाबत नाही, उलट मूड आधीच पाडून ठेवते, म्हणजे वाईट बातमीने एकदम कोसळायला नको. वाद चालू आहे. पण कुठलंही मत घेतलं तरी इथे मन प्रश्न सोडवत नसतं, स्वतःला सांभाळत असतं.

शिवाय असा विचार मोघम होत जातो. ‘पैशांचं कसं होणार?’ यावर काहीच करता येत नाही. ‘पाच तारखेला हप्ता आहे आणि खात्यात चार हजार कमी आहेत’ यावर बँकेला फोन करता येतो. म्हणून कधी, कुठे, किती हे विचारून पाहावं. खऱ्या काळजीला ही उत्तरं बहुतेक वेळा देता येतात. दुसरी खूण रिपोर्ट नॉर्मल आल्यावर दिसते. खरी काळजी निवते. ओव्हरथिंकिंगला लगेच लॅबचीच शंका येते.

नेमकं इथेच ‘वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते’ हे आड येतं. भीती स्पष्ट बोलायचीच नाही, मग ती मोघमच राहणार! ‘युनिव्हर्सला सिग्नल जातो’ ही त्याचीच इंग्रजी शाळेत गेलेली आवृत्ती. विचार केल्याने घटना घडते, ही समजूत मोजायला १९९६ साली शाफ्रान, थॉर्डार्सन आणि रॅकमन यांनी चक्क प्रश्नावली तयार केली, आणि मंत्रचळाच्या (ओसीडीच्या) रुग्णांमध्ये ही समजूत जास्त आढळली. घटना मात्र विचारांना जुमानत नाहीत.

बोर्कोव्हेक यांनी १९८३मध्ये सुचवलेला उपाय साधा आहे: चिंतेसाठी रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास राखून ठेवायचा, एरवी आलेली चिंता त्या वेळेवर ढकलायची. जागा अंथरूण नको. छातीतला दाब, दम लागणं, तापानंतरच्या न थांबणाऱ्या उलट्या या गोष्टी मात्र त्या अर्ध्या तासावर ढकलायच्या नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टर, नाहीतर सरळ १०८.