जाड-बारीक शीर्षकटंक

मोठ्या आकारातल्या थोड्या शब्दांसाठी घडवलेला, जाड आणि बारीक रेघांत टोकाचा फरक असलेला अक्षरटंक (फॉन्ट). काना, दांडा आणि गोलाईचा फुगीर भाग भरगच्च, जोडरेघा केसासारख्या. रोमन लिपीत ही घडण अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीचे बोदोनी आणि फ्रान्सचे दिदो या मुद्रकांच्या टंकांत दिसते. तिचे जाडजूड ‘फॅट फेस’ रूप पुढच्या शतकाच्या आरंभी लंडनच्या जाहिरातींत आले. रोमनमध्ये उभी रेघ जाड, आडवी बारीक. देवनागरीत मात्र बोरूच्या कापामुळे वर डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ बारीक होते आणि उलट दिशेची जाड. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ हा टंक या घडणीत दोन्ही लिपी देतो.

कोकणात हा टंक शोभतो तो दशावताराच्या फलकावर, हापूसच्या पेटीवर, जत्रेच्या फ्लेक्सवर. नाटकाचे नाव तेवढे यात घ्यावे. गाव, तारीख, ‘रात्रौ ठीक 10 वाजता’ आणि देणगीदारांची यादी साध्या, एकसारख्या जाडीच्या टंकात बरी. यादीही यातच बसवली की फलक काळाठिक्कर होतो आणि नाटकाचेच नाव हरवते.

खरी परीक्षा बारीक रेघेची. मुंबई-गोवा महामार्गावरची पाटी 30 मीटरवरून वाचायची तर अक्षराची उंची 250 मिमी धरतात. पण एवढ्या अंतरावर साधारण 9 मिमीपेक्षा बारीक तपशील डोळ्याला नीट सुटा दिसत नाही, आणि 250 मिमीच्या अक्षरात बारीक रेघ 4-5 मिमीची असली तर ती विरते. ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ नेमकी बारीक दिशेची; ती गेली की ‘कृषी सेवा केंद्र’चे ‘कृपी सेवा केंद्र’ होते.

गिलावा नसलेल्या जांभ्या दगडाच्या भिंतीवर हा टंक रंगवूच नये. दगडाच्या छिद्रांत बारीक रेघ तुटते. कापून चिकटवलेल्या व्हिनाइलच्या अरुंद पट्ट्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसात आधी सुटतात. आंब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर उलटे होते: शाई पसरते, बारीक रेघ जाडावते, ‘क’ आणि ‘व’ची पोटे भरतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे सोडली असतील, तर तीच शाई बारीक रेघ गिळते.

संगणकावर जागा भरण्यासाठी अक्षर आडवे ताणले की काने फुगतात, आडव्या रेघा तशाच राहतात. बाहेरून आउटलाइन चढवली तर पोकळ्या बुजतात, आणि ज्यासाठी हा टंक घेतला तो गुणच जातो. फ्लेक्सच्या दुकानात हे सर्रास चालते. अक्षरांमधले अंतर वाढवू नये, शिरोरेखा तुटते. ओळींमधले अंतर आकाराच्या सव्वापट धरून सुरुवात करावी, तरी वर ‘गुहागर’ आणि खाली ‘वेंगुर्ले’ आले की ‘गु’चा उकार ‘वें’च्या मात्रेवर आणि अनुस्वारावर आदळू शकतो. तिथे अक्षर लहान करण्यापेक्षा गावांचा क्रम बदलणे सोपे.