स्टार्टअप व्हिसा

नवा उद्योग उभारण्यासाठी परदेशी जाणाऱ्या संस्थापकाला मिळणारा वास्तव्याचा परवाना. बोलण्यात ‘फाउंडर व्हिसा’ असेही म्हणतात. नोकरीच्या व्हिसात मालक कामगाराची हमी घेतो. इथे अर्जदारच मालक, मग हमी कोणाची? या योजनांमधला खरा फरक या प्रश्नाच्या उत्तरात आहे. कल्पना किती भन्नाट आहे हे त्यानंतर येते.

कॅनडाने २०१३ मध्ये ही हमी सरकारमान्य गुंतवणूकदार संस्थांवर सोपवली. व्हेंचर फंडाचे (नवउद्योगांत पैसा घालणारा निधी) किमान दोन लाख किंवा एंजल गटाचे (स्वतःचा पैसा घालणारे गुंतवणूकदार) ७५ हजार कॅनेडियन डॉलर मिळाले, किंवा मान्य इन्क्युबेटरने (नवउद्योगांना आधार देणारी संस्था) नुसते पत्र दिले, तरी थेट कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येई. रांग वर्षानुवर्षे लांबत गेली आणि २०२५ अखेर नवे अर्ज घेणे थांबले. ब्रिटनच्या इनोव्हेटर फाउंडर व्हिसाने एप्रिल २०२३ मध्ये ५० हजार पौंडांची जुनी अट काढली, पण मान्यताप्राप्त संस्थेचे शिफारसपत्र लागतेच. नेदरलँड्समध्ये (२०१५ पासून) अनुभवी मार्गदर्शक संस्थेशी करार करून एक वर्ष मिळते. फ्रान्सचा परवाना चार वर्षांपर्यंतचा असतो.

अमेरिकेत या नावाचा व्हिसाच नाही. उद्योजकांना सोयीचा ई-२ व्हिसा करारबद्ध देशांच्या नागरिकांपुरता असतो आणि भारताचा तसा करार नाही. म्हणजे बाणेरच्या संस्थापकाकडे पैसा आणि ग्राहक दोन्ही असले तरी पासपोर्ट आडवा येतो. उरतात आडवाटा. पुण्यातल्या कंपनीची तिकडे शाखा काढून एल-१ वर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) जाणे ही त्यातली रुळलेली वाट. त्यासाठी गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष इथल्या कंपनीत काम झालेले हवे, आणि नव्या शाखेला सुरुवातीला एकच वर्ष मिळते. असामान्य कर्तृत्वाचा ओ-१ व्हिसा हा दुसरा मार्ग. २०१७ च्या उद्योजक नियमाखाली अडीच वर्षांची ‘परोल’ (तात्पुरते राहण्याची मुभा) मिळू शकते. तांत्रिकदृष्ट्या तोही व्हिसा नव्हे.

एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी (सरकारी डिजिटल ओळख) अनेकजण व्हिसा समजतात. तिने कोथरूडमध्ये बसून युरोपात कंपनी काढता येते, पण राजधानी टॅलिनच्या विमानात बसण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

पुण्यातून निघण्याआधीची कागदपत्रे वेगळीच. पदवीवर अपोस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, भारतात २००५ पासून), पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स, आणि अमेरिकेसाठी मुलाखतीला मुंबईची फेरी. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते फेमाकडे, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याकडे. भारतात राहत असताना परदेशी खासगी कंपनीचे समभाग घेतले, तर रक्कम कितीही लहान असो, २०२२ च्या नियमांनुसार ती परदेशातली थेट गुंतवणूक ठरते. वैयक्तिक खात्यातून वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा असते आणि पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत ‘एफसी’ नावाचा अर्ज भरून त्या कंपनीसाठी ओळख क्रमांक घ्यावा लागतो.